शिबिरातला वनराई बंधारा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात साधारण 50 विद्यार्थी गावी मुक्कामाला जातात आणि श्रमदानासाठी अनेकदा वनराई बंधारा निवडतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर आडवी रचलेली ही भिंत मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखली जाते. तिला यंत्र लागत नाही, गवंडी लागत नाही. मात्र जागा आणि पाया चुकला तर पाणी पोत्यांखालून निघून जाते आणि मुलांची मेहनत वाया जाते.

पहिला निर्णय तारखेचा. परतीचा पाऊस थांबल्यावर, ओढ्याला धार असतानाच बंधारा घातला पाहिजे. अनेक शिबिरे परीक्षा उरकून डिसेंबर-जानेवारीत होतात आणि तोवर कमी पावसाच्या भागातले ओढे आटलेले असतात. कोरड्या पात्रातली भिंत फक्त छायाचित्राच्या उपयोगाची. तारीख पुढेमागे करता येत नसेल, तर सरळ दुसरे काम घ्यावे.

जागा शिबिराआधीच पाहून ठेवावी आणि पाहताना गावातल्या जुन्या शेतकऱ्याला सोबत न्यावे, कारण पाणी कुठे मुरते आणि पुरात कोणता काठ तुटतो हे त्यालाच ठाऊक असते. पात्र अरुंद आणि सरळ, काठ पक्के आणि वरच्या बाजूला उतार कमी असेल, तर थोड्या उंचीत बरेच पाणी साठते. ग्रामपंचायतीची संमती घ्यावीच, शिवाय दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांशीही बोलावे, कारण तुंबलेले पाणी कोणाच्या उभ्या पिकात शिरले तर बंधारा रातोरात फोडला जातो.

सहा मीटर रुंदीच्या ओढ्यावर एक मीटर उंचीची भिंत घालायची, तळाला तिची जाडी दोन मीटर आणि माथ्यावर पाऊण मीटर ठेवायची, तर सव्वातीनशेच्या आसपास पोती लागतात. फाटकी निघतात म्हणून 400 जमवावीत.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक वेळ पायाला द्यावा. भिंतीच्या रेषेवरची वाळू, गाळ आणि सुटे दगड मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत काढावेत आणि दोन्ही काठांतही हातभर चर खोदून पोत्यांची टोके आत घुसवावीत. पोते पाऊण भागच भरावे. गच्च भरलेले पोते गोल होते आणि रचताना घरंगळते. पाऊण भरलेले चपटे बसते आणि 35-40 किलोंचे असल्यामुळे दोघांना सहज उचलता येते. दाभण आणि सुतळीने तोंड शिवताना काठ एकदा दुमडून घ्यावा, नाहीतर टाके ओढले जाऊन पोते तिथेच उसवते. भरण्यासाठी माती काठाची खणू नये, त्याने काठच कमजोर होतो.

विटांच्या बांधकामाप्रमाणे वरच्या थरातील पोते खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यावे. प्रत्येक थर पायाने तुडवावा आणि फटींत चिकण माती ठासावी. नुसती वाळू भरली तर पाणी झिरपत राहते. माथ्याचा मधला भाग वीतभर खाली ठेवावा, म्हणजे जादा पाणी काठ न पोखरता मधूनच सांडेल, आणि ते जिथे पडते तिथे मोठे दगड पसरावेत.

पोती हातोहात देण्यासाठी साखळी करावी आणि रांगेतल्या जागा तासातासाने बदलाव्यात. रात्रभर पडून असलेली पोती सकाळी काठीने उलथून मगच हात घालावा, त्यांच्याखाली विंचू असतात. साखळीत गावातली माणसे नसतील तर काम थांबवून आधी त्यांना बोलवावे, कारण शिबिर उठल्यावर सरकलेले पोते पुन्हा बसवणारे तेच असतात.

पावसाळ्यापूर्वी पोती कोणी काढायची, हे शेवटच्या दिवसापर्यंत ठरवून ग्रामपंचायतीत लिहून ठेवावे. राहिलेली पोती पहिल्या पुरात फाटतात आणि त्यांचे प्लास्टिक खालच्या शेतांत जाऊन अडकते.