दोन भोवऱ्यांचे केस: माझा अनुभव

माझ्या डोक्यावर मागे दोन भोवरे आहेत आणि त्यांच्यामधला केसांचा झुबका शाळेपासून ताठ उभा राहत आला. आई खोबरेल तेल चोपडून तो बसवत असे, पण शाळेची प्रार्थना संपेपर्यंत तो पुन्हा वर येई. ‘दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने’ हे नातेवाइकांचे बोलणे तर मला फारच लागत असे. पुढे प्रत्येक सलूनमध्ये मी तो झुबका अगदी बारीक कापून घेत राहिलो आणि चूक नेमकी तिथेच होत होती, कारण केसाची दिशा त्वचेखालच्या मुळाच्या तिरकेपणावर ठरते आणि आखूड केस स्वतःच्या वजनाने खाली बसू शकत नाही.

चाळिशीनंतर एका वयस्कर कारागिराने ओल्या केसांतून बोट फिरवून दोन्ही भोवऱ्यांची वळणे मला आरशात दाखवली. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून तेवढ्या भागाला ३ महिने कात्री लावू दिली नाही. आता बाजूचे केस मशीनने बारीक करून घेतो, भोवऱ्यांवरचे लांब ठेवतो आणि आंघोळीनंतर ते ओले असतानाच मुळापाशी आधी डावीकडे, मग उजवीकडे विंचरत वाळवतो. संध्याकाळपर्यंत ते जागेवर राहतात.