मधुमेह आहे आणि घरी बीपी मोजताय? या चुका टाळा

घरी बीपी जास्त आलं की आधी मशीनवर संशय घेतला जातो. पण दोष बहुधा मोजण्यात असतो, आणि यातल्या बहुतेक चुका आकडा फुगवतात. फुगलेल्या आकड्यावर गोळी वाढते. मधुमेह्याला ही वाढीव गोळी महागात पडू शकते. ते कसं, हे पुढे येईलच.

सगळ्यात जास्त घोळ दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा. मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर बीपी खोटंच जास्त दिसतं. शिंप्याच्या टेपने दंड मोजा, पट्ट्यावर छापलेले आकडे बघा, गरज पडली तर मोठा पट्टा वेगळा घ्या. बाही वर सारून तिची वळकटी दंडावर आवळू देऊ नका. पट्टा उघड्या दंडावरच बांधा.

दुसरी चूक बसण्याची. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत आणि हात मांडीवर, असं मोजलं तर आकडा वर जाणारच. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या पातळीवर हवा. आधी पाच मिनिटं शांत बसा. लघवी तुंबलेली नको. चहा, तंबाखू, मिश्री आधीचा अर्धा तास बंद. मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरंही द्यायची नाहीत.

सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, तसंच संध्याकाळी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस असं केलं की पहिला दिवस सोडून सरासरी काढता येते. वहीत १३०, १४०, १५० असे गोल आकडे लिहू नका. १३७ आलं तर १३७च लिहा. आवडलेला आकडा ठेवून बाकीचे गाळणं तर त्याहून वाईट. मधुमेहात बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली असतं, तुमचं किती ते डॉक्टर ठरवतील.

आता जे जवळपास कुणीच करत नाही ते: उभं राहून मोजणं. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतू कमजोर होऊ शकतात. मग बसून १४० असलेलं वरचं बीपी उभं राहताच ११० वरही येऊ शकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री लघवीला उठलेला माणूस पडतो तो असा. वाढीव गोळीने ही घसरण आणखी वाढू शकते. बसून मोजून झालं की आधार धरून उभे राहा. एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, मोजताना हात छातीच्या पातळीवर आधाराने ठेवा. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

घाम फुटला, छातीत धडधडलं, तर आधी शुगर तपासा. शुगर उतरल्यावरही वरचं बीपी चढू शकतं. शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बीपीची जादा गोळी नको.

बीपी १८०/१२० च्या वर आलं आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर पुन्हापुन्हा मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. एरवी पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

डायलिसिससाठी फिस्टुला (ऑपरेशनने जोडलेली धमनी आणि शीर) केलेल्या हातावर पट्टा कधीच बांधायचा नाही.