किनारा आज कोण वापरतो, हे आधी नोंदवा: नील अर्थव्यवस्थेच्या साहाय्य प्रकल्पांची आखणी

२०१२ साली रिओ येथे झालेल्या शाश्वत विकास परिषदेच्या सुमारास ‘नील अर्थव्यवस्था’ हा शब्द साहाय्य संस्थांच्या कागदपत्रांत रुळू लागला. मासेमारी, मत्स्यसंवर्धन, बंदरे, पर्यटन, समुद्रातील पवनऊर्जा आणि खारफुटीचे जतन हे सारे त्याच्या पोटात येत असल्यामुळे एकमेकांच्या मुळावर येणारे दोन-तीन प्रकल्प एकाच किनाऱ्यावर एकाच नावाखाली मंजूर होऊ शकतात. असे प्रस्ताव तयार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि स्वयंसेवी संस्थांसाठी हे टिपण आहे. त्यातील मुख्य आग्रह असा, की निधीचा पहिला हप्ता सुटण्यापूर्वी किनाऱ्याचा सध्याचा वापर लेखी नोंदला गेला पाहिजे; कुंपण पडल्यानंतर आधी तिथे कोण होते, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

वापराची नोंद

शेतजमिनीला निदान काही कागद असतो. भरतीखाली जाणाऱ्या चिखलाच्या पट्ट्याला, होड्या ओढून ठेवण्याच्या वाळूला किंवा मासळी वाळवण्याच्या जागेला बहुधा तोही नसतो. सरकारी दप्तरात ती जागा रिकामी दिसते, आणि रिकामी दिसणारी जागाच प्रकल्पाला देणे सर्वांत सोपे असते. म्हणून नकाशा काढण्यापूर्वी नोंदवही उघडावी आणि तिच्यात जागा, तिचा वापर, वापरणारे लोक, हंगाम, भरती-ओहोटीची वेळ आणि तो वापर कोणाच्या संमतीने चालतो, असे रकाने ठेवावेत.

हे काम एका भेटीत उरकत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी सर्वांत खाली उतरते. तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलात बायका टोपल्या घेऊन उतरतात, वाकून कालवे आणि शिंपले वेचतात, आणि काही तासांत पाणी परत चढले की तो पट्टा पुन्हा नुसता समुद्र दिसू लागतो. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, आलेल्या पाहणी पथकाला हे काम दिसणारच नाही, आणि त्याच्या अहवालात ‘वापर नाही’ असा शेरा प्रामाणिकपणे पडेल. म्हणून किमान एक भेट उधाणाच्या ओहोटीला आणि एक ऐन हंगामात असावी. काही महिन्यांपुरते दुसरीकडून येणारे मच्छीमार हंगामाबाहेर गावात नसतात. त्यांचा वापर इतरांना विचारून नोंदवावा आणि ते आल्यावर त्यांच्याकडून पडताळून घ्यावा.

या नोंदीला आधार आहे. जमीन, मत्स्यसंपत्ती आणि वने यांच्या धारणाधिकाराविषयी, म्हणजे ताबा आणि वापराच्या हक्कांविषयी, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आणि लघुमच्छीमारीविषयीची २०१४ मध्ये स्वीकारली गेली. दोन्ही परंपरागत, अलिखित हक्कांची दखल घेतात. मात्र ती ऐच्छिक आहेत. प्रस्तावनेत त्यांचा आदराने उल्लेख करून काहीच साधत नाही; त्यांतील आवश्यक तरतुदी कर्जाच्या किंवा अनुदानाच्या करारात अटी म्हणून लिहाव्या लागतात. जागतिक बँकेच्या प्रकल्पांना ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या पर्यावरणीय व सामाजिक चौकटीतील पाचवे मानक येथे विशेष उपयोगी आहे, कारण जमीन घेतल्यामुळे किंवा तिच्या वापरावर निर्बंध आल्यामुळे कोणाचेही घर न हलता उपजीविका गेली, तरी ते तिला विस्थापनच मानते.

निर्बंध सर्वांना सारखे लागू आहेत का, हेही तपासावे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनाऱ्यापासून काही भागांत १०० मीटर आणि काही भागांत २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई झाली. मच्छीमारांना घरे पुन्हा उभारता येईनात, आणि पर्यटन व्यवसायाला मात्र सवलत मिळाली. सुरक्षेच्या नावाने आखलेली रेषा कोणाला मागे ढकलते आणि कोणाला जागेवर राहू देते, हे प्रस्ताव तपासणाऱ्याने स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे.

लाभार्थी यादी

यादी परवान्यांवरून किंवा होडीच्या मालकीवरून तयार केली, की खलाशी आणि स्त्रिया गळतात. अन्न व कृषी संघटना, ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही संशोधन संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी किमान ४० टक्के लघुमच्छीमारीतून येते, आणि त्या क्षेत्रात काम करणाऱ्या दर दहांपैकी सुमारे चार स्त्रिया आहेत. त्यांचे काम मुख्यतः होडी किनाऱ्याला लागल्यानंतर सुरू होते, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर ‘आधुनिकीकरण’ येते. सेनेगल, गांबिया आणि मॉरिटानियात मासळीच्या भुकटीचे कारखाने वाढले, तसतशी धुरी देऊन किंवा वाळवून मासळी विकणाऱ्या स्त्रियांना कच्च्या मालासाठी कारखान्यांशी स्पर्धा करावी लागली.

शीतगृहासारखी निरुपद्रवी वाटणारी सोयही याला अपवाद नाही. वाळूवर उतरणारी मासळी फाटकाआडच्या लिलावगृहात गेली, की उधारीवर दोन टोपल्या उचलणाऱ्या बाईला प्रवेशपत्र, शुल्क आणि रोख रक्कम असे तीन अडथळे एकदम उभे राहतात. आराखड्यातच छोट्या खरेदीदारांसाठी जागा, वेळ आणि लिलावाचा लहान वाटा राखून ठेवावा. नंतर तो मिळवून देणे फार जड जाते.

बैठक आणि समिती

होड्या समुद्रात असताना घेतलेल्या बैठकीला व्यापारी आणि पुढारी येतात, मच्छीमार येत नाहीत. आगाऊ रक्कम देऊन मासळी बांधून घेणारा व्यापारी समोर बसला असेल, तर त्याचा ऋणको मोकळेपणाने बोलणार नाही. त्यामुळे खलाशांची आणि स्त्रियांची बैठक वेगळी घ्यावी. आराखडा स्थानिक भाषेत समजावून सांगितल्यानंतर आणि निर्णय घेण्यापूर्वी काही आठवड्यांचे अंतर ठेवावे. इतिवृत्त सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे आणि विरोधाचे मुद्दे जसेच्या तसे लिहावेत. उपस्थितीची सही म्हणजे संमती नव्हे; माझ्या मते या दोन सह्यांसाठी वेगवेगळे कागदच असावेत.

सरकार आणि मच्छीमार यांची मिळून सहव्यवस्थापन समिती नेमणार असाल, तर तिच्या हातात नेमके काय आहे, ते लिहा. बंदीचा काळ ठरवणे, बाहेरच्या जाळ्यांना मज्जाव करणे किंवा दंडाची रक्कम खर्च करणे यांपैकी एकही अधिकार नसलेली समिती फक्त छायाचित्रापुरती उरते.

पैसा आणि परवाने

मोझांबिकमध्ये २०१३ पासून सरकारी पाठबळाच्या तीन कंपन्यांसाठी सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे उभारली गेली. त्यांतील एक कंपनी टुना मासेमारीच्या ताफ्यासाठी होती. सरकारी हमी संसदेच्या मंजुरीविना दिली गेली, बरीचशी रक्कम लपवलेली राहिली आणि २०१६ मध्ये ती उघड होताच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला देण्यात येणारे साहाय्य थांबवले. ही कर्जे व्यापारी होती, विकाससाहाय्य नव्हते; तरीही त्यातून छाननीचे तीन प्रश्न थेट मिळतात: हमी कोणी दिली, ती कोणत्या सभागृहाने मंजूर केली, आणि खरेदीची किंमत कोणी पडताळली?

सेशल्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेले १.५ कोटी डॉलरचे नील रोखे, म्हणजे समुद्राशी निगडित कामांसाठीचे कर्जरोखे, याच्या उलट जाहीरपणे काढले गेले, आणि त्यांचा निधी एक स्वतंत्र न्यास व विकास बँक यांच्यामार्फत वाटण्याची व्यवस्था ठरली. अशी रचना असतानाही छोट्या मच्छीमाराला अर्ज स्वतः भरता येतो का, हे पाहावेच लागते. परवानाधारकांची, नौकांची आणि परदेशी ताफ्यांशी झालेल्या करारांची यादी प्रसिद्ध करणे ही साहाय्याची पूर्वअट ठेवावी.

तक्रारी आणि प्रकल्पानंतरचा काळ

जागतिक बँकेचे तपासणी मंडळ १९९३ पासून अस्तित्वात आहे. पण बंद झालेल्या पायवाटेची तक्रार तिथवर नेण्याची गरज पडू नये. तक्रार घेणारी व्यक्ती कंत्राटदाराची नोकर नसावी, तोंडी तक्रारही नोंदली जावी आणि उत्तराची मुदत फलकावर लिहिलेली असावी.

वाटलेल्या होड्यांची संख्या हे यशाचे माप मानू नये. समुद्रातील माशांचा साठा आधीच घटलेला असेल, तर जास्त होड्या हे संकटच ठरते. गस्तनौकेचेही तसेच आहे. तिची खरेदी साहाय्यातून होते, पण डिझेल, दुरुस्ती आणि खलाशांचे पगार प्रकल्प संपल्यावर स्थानिक यंत्रणेवर पडतात. पुढील पाच वर्षांच्या या खर्चाची तरतूद यजमान खात्याच्या अंदाजपत्रकात दिसत नसेल, तर नौकेची खरेदी प्रस्तावातून वगळावी.