बेस गिटारसाठी परवडणारा ॲम्प कसा निवडावा आणि कसा वापरावा

बेस गिटारची सर्वांत जाड ‘ई’ तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या पुढच्या ‘ए’ तारेची कंपने ५५, ‘डी’ची सुमारे ७३ आणि ‘जी’ची ९८ भरतात. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ वर सुरू होते, म्हणजे बेस तिच्यापेक्षा बरोबर एक सप्तक खाली उतरतो. हे आकडे आधीच सांगण्याचे कारण असे, की स्वस्तातला ॲम्प घेताना होणाऱ्या बहुतेक चुका ते विसरल्यामुळे होतात. खर्ज ऐकू यायचा तर स्पीकरच्या कागदी कोनाला पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि त्यासाठी मोठा कोन, मोठी पेटी आणि पुरेशी शक्ती या तिन्ही गोष्टी लागतात. कमी किमतीत त्या तिन्ही एकत्र मिळत नाहीत. त्यांतले काय सोडायचे आणि काय नाही, हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

माझा पहिला ॲम्प ८ इंची स्पीकरचा आणि २० वॅटचा होता, आणि त्यावर जाड तार व्यवस्थित वाजते अशी माझी कितीतरी दिवस खात्री होती. प्रत्यक्षात एवढासा स्पीकर ४१ हर्ट्‌झचा मूळ स्वर अगदीच क्षीण काढतो. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर, म्हणजे सुमारे ८२, १२३ आणि १६५ हर्ट्‌झ, आणि त्यांच्या आपसांतल्या अंतरावरून मेंदू गैरहजर असलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तीही अशाच उपस्वरांची किमया आहे. लहान ॲम्प वापरणाऱ्याने एवढी गोष्ट मनाशी पक्की धरावी, की ॲम्पकडे मूळ खर्जाचा हट्ट न धरता उपस्वर स्वच्छ मागावेत. पुढचे बरेचसे सल्ले यातूनच निघालेले आहेत.

दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ हा असतो, आणि तो फारसा उपयोगाचा नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जाणवेल पण फार नाही इतका. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेव्हा ४० की ५० वॅट यावर डोके शिणवण्यात अर्थ नाही. याउलट एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबलने अधिक संवेदनशील असेल, तर तेवढ्यानेच शक्ती दुप्पट केल्याइतका फरक पडतो, आणि ही गोष्ट कॉम्बो, म्हणजे स्पीकर त्याच पेटीत असलेल्या, ॲम्पच्या माहितीपत्रकात बहुधा छापलेली नसते. पूर्वीच्या टेपरेकॉर्डरांवर ‘पीएमपीओ’ असे लिहून शेकडो वॅटचे फुगवलेले आकडे छापलेले असत, ते ज्यांना आठवतात त्यांना वेगळे सांगायला नको; पाहायचाच असेल तर आरएमएसचा, म्हणजे सतत टिकणाऱ्या शक्तीचा, आकडा पाहावा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आपला स्वतःचा बेस दुकानात न्यावा, दोन ॲम्प शेजारी शेजारी ठेवावेत, सगळे नॉब मध्यावर आणावेत आणि ज्या गाण्याची बोटांना सवय आहे तेच दोन्हींवर वाजवावे. दुकानातला चकचकीत नवा बेस हातात घेतला, तर आपण ॲम्प ऐकत आहोत की बेस, हे कळेनासे होते.

वॅटपेक्षा महत्त्वाचा प्रश्न कोणाबरोबर वाजवायचे हा आहे. एकट्याने घरी सराव करणाऱ्याला ८ इंची स्पीकर आणि १५ ते २५ वॅट पुरतात, मात्र हेडफोनची सोय असलीच पाहिजे, कारण बेसचा आवाज भिंतींतून शेजाऱ्यांकडे जातो आणि चाळीत किंवा फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर ती एकच गोष्ट सराव वाचवते. कीबोर्ड, अकूस्टिक गिटार, काहोन (हातांनी वाजवायची लाकडी पेटी) किंवा तबला अशा साथीत १० इंची स्पीकर आणि ४०-५० वॅट निभावून नेतात. खरा प्रश्न ड्रमचा आहे. काठ्यांनी मोकळेपणाने वाजवणारा ड्रमर शेजारी बसला, की ४० वॅटचा ॲम्प पूर्ण उघडूनही बेस कुठे आहे हे कळत नाही, आणि मग बिचारा वादक बोटे सुजेपर्यंत तारा ओढत राहतो. तिथे निदान १०० वॅट आणि १२ इंची स्पीकर हवा. दोन १० इंची स्पीकर आणि दोन-तीनशे वॅट असतील तर ताण पडत नाही. उघड्या मैदानावर मात्र कोणताही परवडणारा ॲम्प पुरत नाही. तिथली वाट वेगळी आहे आणि ती शेवटी सांगतो.

नावे घेऊन बोलायचे तर फेंडरची ‘रंबल’ मालिका या पायऱ्यांशी चांगली जुळते. रंबल २५ मध्ये ८ इंची, ४० मध्ये १० इंची, १०० मध्ये १२ इंची आणि ५०० मध्ये दोन १० इंची स्पीकर आहेत. रंबल ४० चे वजन सुमारे ८ किलो आणि १०० चे सुमारे १० किलो आहे, म्हणजे गर्दीची वेळ टाळली तर दोन्ही लोकलने नेता येतात. माझे मत विचाराल, तर पैसे थोडे ताणून २५ ऐवजी ४० घ्यावा. त्याचे कारण जास्तीचे १५ वॅट हे नव्हे. त्याच्या पाठीमागे ध्वनियंत्रणेच्या मिक्सरला थेट जोडता येणारा तीन पिनांचा एक्सएलआर लाइन आउट आहे, हे आहे. ॲम्पेगच्या बीए मालिकेतील कॉम्बोंची पेटी अशी कापलेली आहे, की ती मागे कलती ठेवून स्पीकर थेट कानाकडे वळवता येतो. ऑरेंजच्या क्रश बेस २५ आणि ५० मध्ये ट्यूनर आतच असल्याने नवशिक्याचा एक खर्च वाचतो.

एवढ्या हलक्या वजनात एवढी शक्ती ही तशी अलीकडची सोय आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी ‘बेसमन’ हा ॲम्प आणला. पुढे त्याचा चार १० इंची स्पीकरांचा अवतार बेसवादकांपेक्षा गिटारवादकांनाच अधिक भावला आणि इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात बनलेला पहिला ॲम्प त्याच्याच आराखड्यावर बेतला गेला. बेसला मोठ्या रंगमंचावर पुरून उरेल असा आवाज द्यायचा, तेव्हा १९६९ मध्ये ॲम्पेगला ‘एसव्हीटी’साठी व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) ३०० वॅट आणि आठ १० इंची स्पीकरांची कपाटाएवढी पेटी लागली. आज क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या तंत्रामुळे शक्ती स्वस्त आणि हलकी झाली आहे. स्पीकर आणि पेटी मात्र तितक्या प्रमाणात लहान करता येत नाहीत, कारण हवा तेवढीच ढकलायची असते.

घरात गिटारचा ॲम्प पडून असेल, तर हळू आवाजात त्यावर बेस वाजवायला हरकत नाही. आवाज वाढवला की त्याचा स्पीकर खालच्या स्वरांवर मर्यादेबाहेर पुढेमागे हलू लागतो, फडफडतो आणि शेवटी फाटतो. कीबोर्डचा ॲम्प त्या मानाने बराच चांगला पर्याय आहे. समारंभात वापरतात तो उभा कॉलम स्पीकर माणसाच्या आवाजासाठी असतो. बेस त्यात हरवून जातो.

जुना ॲम्प घेणे हा कमी पैशांत चांगली वस्तू मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे, पण तिथे घाई करू नये. ॲम्प बंद असताना समोरची जाळी निघत असेल तर काढावी, दोन्ही हातांची बोटे कोनावर मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवावीत आणि तो अगदी अलगद आत दाबावा. कागदावर नख ओढल्यासारखी खरखर ऐकू आली तर आतली कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासते आहे, आणि तो स्पीकर रीकोन करण्याचा, म्हणजे कोन आणि कॉइल बदलण्याचा, खर्च किमतीतून वजा करूनच बोलावे. मग ॲम्प सुरू करून, बेस न जोडता, आवाज वाढवून नुसती गुणगुण ऐकावी. प्रत्येक नॉब फिरवून पाहावा. चरचर येत असेल तर ती बहुधा धुळीची असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी जाते. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर सोल्डर सुटलेले असते. तेही किरकोळ काम आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत असे जॅक आणि पॉट (नॉबखालचे भाग) सहज मिळतात.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. जाड तारेवर मोकळ्या ‘ई’पासून एकेक पडदा चढत, प्रत्येक स्वर चार सेकंद धरून, आवाज मध्यावर आणि मग त्याच्या वर ठेवून वाजवत जावे. मी एक वापरलेला १२ इंची कॉम्बो घेतला, तेव्हा ही परीक्षा आळसाने अर्धवट केली. घरी आणल्यावर तिसऱ्या पडद्याचा ‘जी’ वाजला की झर्र असा आवाज येई, आणि फक्त त्याच स्वरावर. कॉइल गेली असे समजून मी दोन दिवस हळहळत होतो. मग एका मित्राने स्वर धरून ठेवला आणि मी पेटीवर जागोजागी हात दाबत गेलो; वरच्या मुठीवर हात पडताच आवाज थांबला. मुठीचा एक स्क्रू सैल होता. तो घट्ट करून खाली जुन्या फेल्टचा तुकडा घातला, आणि तो ॲम्प आजही त्या स्वरावर गप्प असतो. झणझण एकाच स्वरावर येत असेल तर आधी स्क्रू, जाळी, मागची फळी आणि खोलीतले भांड्यांचे कपाट तपासावे; सगळ्याच खालच्या स्वरांवर येत असेल तर स्पीकरवर संशय घ्यावा.

ॲम्प घरी आला, की बहुतेक जण बेसचा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवतात. लहान ॲम्पवर त्याने खर्ज येत नाही. स्पीकर न निघणारे स्वर काढण्यात शक्ती घालवतो आणि बाकीचे स्वरही गढूळ होतात. आधी गेन (ॲम्पमध्ये शिरणाऱ्या सिग्नलची पातळी ठरवणारा नॉब) वाढवत जावा, जोरात छेडल्यावर लाल दिवा चमकला की किंचित मागे घ्यावा. ॲक्टिव्ह (आत बॅटरी असलेला) बेस असेल आणि ॲम्पवर त्याचे बटण असेल तर ते दाबावे. मग बेसचा नॉब मध्यावर किंवा थोडा खालीच ठेवून मिड, म्हणजे मधल्या स्वरांचा नॉब, वाढवावा. २०० ते ४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात बेसचा आकार असतो, आणि ८०० हर्ट्‌झच्या आसपास बोटांचा घाव. एकट्याने ऐकताना हा सूर थोडा नाकातला वाटेल, पण ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर तोच ऐकू येतो. घरातल्या सेटिंगवर समाधान मानून तालमीला गेलेल्यांची हमखास निराशा होते, म्हणून सेटिंग नेहमी सगळे वाजवत असताना करावे.

खोलीचाही विचार करावा लागतो. आपल्याकडच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्‌झला आवाज घुमतो. म्हणजे भिंतींजवळ मोकळी ‘ए’ तार आणि जाड तारेवरचा दुसरा पडदा अंगावर येतात, तर खोलीच्या ऐन मध्यावर उभे राहिल्यास तेच स्वर जवळजवळ नाहीसे होतात. यात बेसचा दोष नसतो आणि ॲम्पचाही नसतो. ॲम्प कोपऱ्यात ढकलला की खालचा भाग फुगतो. लहान स्पीकरला ही फुकटची मदत होते, मोठ्या स्पीकरला मात्र ती नको असते. ॲम्प भिंतीपासून हातभर पुढे ओढून किंवा स्वतः दोन पावले सरकून फरक ऐकावा. जमिनीवर ठेवलेला ॲम्प पोटऱ्यांना ऐकू येतो आणि कानांना येत नाही, म्हणून तो वीट लावून कलता करावा किंवा खुर्चीवर ठेवावा.

विजेच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो, आणि तो आपल्या २३० व्होल्टला जोडला तर फ्यूज उडाला यावर निभावले असे म्हणावे लागते. मागची पट्टी वाचावी आणि गरज असेल तर योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरावा. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात अर्थिंग नुसते दाखवायला असते. तिथे ॲम्प गुणगुणतो, आणि तारांवर हात असताना ओठ माइकला लागले तर झटका बसतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण थोडी कमी होणे हे नेहमीचे असते, पण मुंग्या आल्या तर लगेच वाजवणे थांबवून वायरमनला बोलवावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची जाड पिन काढून टाकणे हा जीवघेणा उपाय आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ॲम्प प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये, आत ओल धरते. सुती कापड टाकावे आणि आठवड्यातून अर्धा तास तरी तो चालू करावा.

आता मैदानाची वाट. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचा महोत्सव असो किंवा गोव्यातले तियात्र, लोकांपर्यंत बेस पोचवण्याचे काम मोठ्या ध्वनियंत्रणेचे असते. ॲम्पच्या लाइन आउटमधून एक्सएलआर केबल मिक्सरला द्यावी, आणि ॲम्पवर ती सोय नसेल तर बेस आणि ॲम्प यांच्यामध्ये डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरलाही देणारी लहान पेटी) लावावा. जोडल्यावर गुणगुण आली तर ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण दाबावे, ते याच कामासाठी असते आणि त्याने अर्थिंग तुटत नाही. मग आपला १० इंची ॲम्प खुर्चीवर, डाव्या कानापासून तीन फुटांवर ठेवावा, त्याचा बेस उतरवून मिड वाढवावा आणि ध्वनिसंयोजकाला सांगावे, की खर्ज तुमच्या मोठ्या स्पीकरांतून द्या, मला फक्त माझी बोटे ऐकू आली की पुरे.