सीडी राइट करताय? या चुका टाळा

जुनी सीडी चालत नाही म्हणून लोक येतात आणि छातीठोकपणे सांगतात, "खालची बाजू बघा, एक चरा नाही!" मी लेबलची बाजू बघतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

सीडी-आरला, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीला, खालून १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचं संरक्षण असतं. त्याच्या वर रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीचा मुलामा आणि शेवटी लॅकरचा पातळ हात. म्हणजे डेटा लेबलच्या बाजूने जवळजवळ उघड्यावर. खालचा चरा पॉलिशने जातो, वरचा चरा डेटाच घेऊन जातो. एका फोटो स्टुडिओने लग्नाच्या सीडीवर हौसेने कागदी लेबल चिकटवून वर बॉलपेनने नावं, तारीख, 'शुभविवाह' असं दाबून लिहिलं होतं. पावसाळ्यात लेबल उचकटलं, घरच्यांनी ते सोलून काढलं आणि त्याबरोबर मुलामाही निघाला. दिव्यासमोर धरली तर सप्तपदीच्या जागी पलीकडची भिंत दिसत होती. तरी आग्रह एकच: "एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका ना!" जिथे थरच उरला नाही, तिथे सॉफ्टवेअर काय वाचणार? मी मधल्या पारदर्शक कड्यावर लिहितो, तेही पाण्याच्या शाईच्या मार्करने. लेबल हवंच असेल तर डबीला लावा.

दुसरा घोळ सीडी-आरडब्ल्यूचा, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचा. "पुसता येते, मग तीच घेऊ" हा हिशोब कायमच्या साठवणीला चालत नाही. तिच्यात रंगद्रव्य नसून चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा मिश्रधातू असतो. लेझरने वितळवून झटकन थंड केला की अस्फटिक, म्हणजे डेटा लिहिला; बेताने तापवला की पुन्हा स्फटिक, म्हणजे डेटा पुसला. हे साधारण हजार वेळा जमतं. पण ती प्रकाश परत पाठवते जेमतेम १५ ते २५ टक्के, म्हणून जुन्या ऑडिओ प्लेअरना ती दिसतच नाही. गाण्यांसाठी सीडी-आरच घ्या. जपानच्या ताइयो युडेनने १९८८ मध्ये ती आणली, तीच मुळी साध्या प्लेअरवर चालावी म्हणून.

५२एक्सचा, म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पट वेगाने राइट करण्याचा, हव्यास सोडा. मी १६एक्सवर राइट करतो. अगदी १एक्सवर आणूनही फायदा नाही, नव्या डिस्क त्या वेगासाठी बनलेल्याच नसतात.

बफर अंडररन संरक्षण (डेटाचा पुरवठा मध्येच तुटला तरी सीडी वाया जाऊ न देणारी सोय) नसलेला, २००० च्या आधीचा रायटर असेल तर राइट चालू असताना गेम खेळू नका.

फायनलाइज न करता, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून राइटिंग बंद न करता, सीडी दुसऱ्याला देऊ नका.

सीडी-आर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने रंगद्रव्य उडतं.

आणि व्हेरिफायची (लिहिलेलं मूळ फाइलशी ताडून बघण्याची) खूण काढून वेळ वाचवणाऱ्यांनी मूळ फाइल लगेच पुसू नये.