सोने वेगळे करण्याचे यंत्र निवडण्याआधी कण मोजा

पाण्याची घनता 1 धरली तर सोन्याची 19.3, गारगोटीची 2.65. या फरकामुळे वाहत्या पाण्यात सोने तळाला बसते आणि वाळू पुढे जाते. पण कण बारीक किंवा पापुद्र्यासारखा चपटा असला, की पाणी त्यालाही ओढून नेते. म्हणून आधी माती तपासा, मग यंत्र पाहा.

नदीची वाळू असेल तर वेगवेगळ्या ठिकाणांहून 10 लिटरच्या किमान दहा बादल्या भरा. तळच्या खडकाला लागून असलेला थर सोडू नका, जड कण तिथेच साचतात. ती 2, 0.5, 0.15 आणि 0.075 मिमी चाळण्यांतून गाळा आणि प्रत्येक भाग परातीत वेगळा धुवा. झारखंडमधल्या सुवर्णरेखा नदीच्या काठी वापरतात तसली लाकडी परातही चालेल. शेवटी परातीत उरलेल्या काळ्या वाळूच्या, म्हणजे लोहयुक्त जड कणांच्या, कडेला पिवळा कण दिसला तर सुईने दाबा: सोने चेपते, माक्षिक, म्हणजे सोन्यासारखे दिसणारे लोह-गंधकाचे खनिज, फुटते. बारीक कण पाण्यावर तरंगू लागले तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, ते खाली बसतात.

खडकातले सोने असेल तर 1 किलो दगड 1 मिमीपर्यंत कुटून धुवा, उरलेला चुरा आणखी बारीक दळून पुन्हा धुवा. दुसऱ्या वेळी बरेच सोने निघाले, तर आधी दळणयंत्राचा विचार करा. सोने माक्षिकाच्या कणातच अडकलेले असेल, तर गुरुत्वावर चालणारे कुठलेही यंत्र ते मोकळे करणार नाही.

आता निवड. बहुतेक सोने 0.15 मिमीहून जाड असेल तर पन्हळ, म्हणजे तळाला आडव्या पट्ट्या असलेली उतरती नाळ (स्लूस), पुरते. ती स्वस्त आहे आणि तिला वीज लागत नाही. दर मीटरला 8 ते 12 सेंमी उतार द्या आणि मोठे गोटे आधीच चाळून काढा. आडव्या पट्ट्यांमागे काळी वाळू घट्ट बसली, की नवे सोने तिच्यावरून घसरून जाते. ही सर्वांत मोठी गळती. पट्टीमागची वाळू दाबून पाहा. वाळू सैल नसेल तर माल थांबवून पन्हळ धुवा.

सोने त्याहून बारीक असेल तर सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरणारे भोकांचे भांडे, घ्या. त्याला स्वच्छ पाणी लागतेच, नाहीतर पाणी आत येण्याची भोके बुजतात. शेकिंग टेबलावर, म्हणजे हलत्या तिरप्या टेबलावर, कच्ची वाळू ओतू नका. ते पन्हळीतून किंवा सेंट्रिफ्यूजमधून निघालेला जड माल स्वच्छ करण्यासाठी आहे. माल एकसारख्या आकाराचा हवा, नाहीतर जाड वाळू आणि बारीक सोने एकाच पट्ट्यात येतात.

मातीत चिकणमाती असेल तर सगळ्यात आधी फिरते पिंप, ट्रॉमेल. चिखलाचे गोळे फुटले नाहीत तर त्यांत चिकटलेले सोने तसेच बाहेर जाते. पारा मात्र वापरू नका. त्याची वाफ फुप्फुसांतून मेंदूपर्यंत पोचते.

यंत्र सुरू झाल्यावर दर तासाला शेपटाकडून, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वाळूतून, एक परात घेऊन धुवा. त्यात सोने दिसले तर आधी माल कमी करा, मग उतार, आणि शेवटी पाणी बदला.