सोलर आणि लाईट दोन्हीवर चालणाऱ्या मोटरीवर अलार्म बसवताय? आधी एवढी तयारी करा

यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांनो, हे एप्रिल लागायच्या आत उरकून घ्या, मे महिन्यात ऊन ४५ च्या घरात गेलं की पाण्याचा एक खाडाही बागेला सोसत नाही. मागच्या वर्षी आमच्या अलार्मला एकच आकडा दिलेला, करंट ५ अँपिअरच्या खाली गेला की वाजायचं, तर तो रोज सकाळी कोवळ्या उन्हात वाजायचा, ढग आला की वाजायचा, शेवटी वडिलांनी वैतागून बंदच केला आणि त्याच आठवड्यात बोअरचं पाणी खरंच तुटलं, मोटर कोरडी फिरून जळाली.

म्हणून सगळ्याला एकच आकडा नको, प्रत्येक मोडला, म्हणजे चालण्याच्या प्रकाराला, वेगळा आकडा द्यायचा. त्यासाठी पहिले वही घ्या आणि आपली सिस्टीम किती मोडमध्ये चालते ते लिहा, सोलर, लाईट, प्लॉट १, प्लॉट २, खत सोडणं, फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं), बंद. प्रत्येक मोडमध्ये सगळं ठीक चालू असतानाचा करंट, प्रेशर, फ्लो लिहा, आणि हर्ट्झ (विजेची फ्रिक्वेन्सी, त्यावर मोटरचा वेग ठरतो) तर नक्कीच, कारण सोलरवर ५० चे ३५ हर्ट्झ झाले की पंपाचं प्रेशर निम्म्यावर येतं, पॉवर तिसऱ्या हिश्श्यावर, बोअर खोल असेल तर पाणी वरच येत नाही, तरी मोटर धडधाकट असते. तोच कमी करंट ५० हर्ट्झवर दिसला तर मात्र ड्राय रन, म्हणजे मोटर पाण्याशिवाय कोरडी फिरतेय, असं समजा, लगेच बंद करा.

कंट्रोलरने व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं म्हणजे तो उघडला असं धरू नका, मोड खरा कोणता ते पाण्यावरून ओळखायचं. प्लॉटमध्ये ४ लिटरचे ३ हजार ड्रिपर असतील तर तासाला १२ हजार लिटर जायला पाहिजे, ७ हजारच जातंय तर व्हॉल्व्ह अर्धा अडकलाय नाहीतर ड्रिपर चोकअप, १८ हजार जातंय तर नळी फुटलीय किंवा आधीच्या प्लॉटचा व्हॉल्व्ह बंदच झाला नाही.

फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज पाहिजेच, दोन्हीतला फरक अर्ध्या किलो प्रेशरच्या वर गेला की बॅकवॉश.

मोड बदलला की पाईप भरेपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात, तेवढी चार-पाच मिनिटं अलार्मला गप्प ठेवा, पण ड्राय रनची सेटिंग वेगळी आणि कायम चालू. शेवटी प्लॉटचा व्हॉल्व्ह हाताने अर्धा बंद करून बघा, अलार्म वाजला आणि प्लॉटचा नंबर बरोबर दाखवला तरच त्याच्या भरवशावर रात्रीच्या लाईटीला मोटर सोडा.